कान मोडलेली चिठ्ठी

रामाजी ताकसांडे अठ्ठावीस वर्षं ट्रस्टच्या दवाखान्यात चिठ्ठ्या वाहत होता. वॉर्डातून लॅबात, लॅबातून वॉर्डात, तिथून औषधाच्या खिडकीवर आणि खिडकीवरून परत वॉर्डात. लॅबमधला बबनराव लाकडे म्हणायचा, "या दवाखान्याची फरशी गुळगुळीत हाय ना, थे पोछा मारून नाई झाली. रामाजीच्या चपलेनं झाली." बबनराव जिभेचा तिखट माणूस, पण हे त्यानं काही फार फुगवून सांगितलेलं नव्हतं.

रामाजी समुद्रपूरकडच्या खेड्यातला. छप्पन साली बापाबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, तेव्हा विशीतला होता. पुढं तीन वर्षांनी दवाखान्यात लागला. खाकी पँट, पांढरा शर्ट, खिशाला एक पेन. पेनाचा उपयोग सही करण्यापुरता. प्रौढांच्या वर्गात मराठी अक्षरं शिकला होता, बोट ठेवून वाचायचा. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या मात्र इंग्रजीत, आणि अक्षर असं की मुंगीला शाईत बुडवून कागदावर सोडून द्यावं. रामाजीला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. म्हणून चिठ्ठी हातात आली की तो खाटेकडं बघायचा. ओठांचा रंग, नखं, पोट कसं वरखाली होतं, नातेवाईक बोलतात की गप्प झालेत. आणि ज्याला दम धरवणार नाही असं वाटे, त्याच्या चिठ्ठीचा वरचा कोपरा अंगठ्यानं दुमडायचा. त्याला तो कान मोडणं म्हणे.

लॅबात गठ्ठा पडला की बबनराव आधी कान मोडलेल्या चिठ्ठ्या ओढून काढायचा. बाकीच्या मागून. हे कोणी ठरवलं नव्हतं, कुठल्या कागदावर नव्हतं. चौऱ्याहत्तर साली सिंदी रेल्वे गावच्या जिनिंगमधला एक हमाल पोटदुखी म्हणून आला होता. डॉक्टरनं साधी तपासणी लिहिली. रामाजीनं कान मोडला. बबनराव म्हणाला, "काऊन मोडला जी? चालत आला थो." रामाजी म्हणाला, "चालत आला, पन बायकोकडं पाह्यत नाई." तासाभरात हमालाला ऑपरेशनला घेतलं. आतडं आतून फुटलं होतं. माणूस वाचला, पुढं दोन वर्षं दिवाळीला रामाजीला चिवडा आणून देत होता.

तेव्हापासून डॉक्टर लोकांनीही चिठ्ठीवर 'तातडीचं' लिहिणं सोडून दिलं. नवा डॉक्टर आला की जुना त्याला सांगायचा. राऊंड संपला की दाराशी रामाजी उभा असे. डॉक्टर जाता जाता खाटेचा नंबर सांगे आणि म्हणे, "रामाजी, पाह्यजा." रामाजी मान हलवी. झालं. त्या मानेनंतर डॉक्टरच्या डोक्यातून ती गोष्ट निघून जायची, कारण ती रामाजीच्या डोक्यात गेलेली असायची.

सत्त्याऐंशी साली दवाखान्यात कम्प्युटर आला.

ट्रस्टींचा कोणी पाहुणा परदेशात होता, त्यानं जमवून दिला म्हणत. जुन्या एक्स-रेच्या शेजारची खोली रंगवली, थंड हवेचं यंत्र बसवलं, दाराशी चपला काढायची पाटी लावली. पहिल्या दिवशी नारळ फुटला. आयाबायांनी मशीनला हळदकुंकू लावायला घेतलं, तर पुण्याहून आलेला इंजिनियर ओरडला, "अहो, आत जाईल ते!" बबनराव मागं उभा होता. म्हणाला, "रोगी मे महिन्यात पंख्याशिवाय भाजून राह्यले. हे बेटं थंड हवेत बसलं. पुढच्या जन्मी मले मशीनच कर म्हना देवाले." सगळे हसले. रामाजीही हसला.

प्रत्येक वॉर्डात सिस्टरच्या टेबलावर एक पडदा आणि टाइपरायटरसारखी बटनं आली. आता डॉक्टरनं सांगितलेली तपासणी, औषध, जेवण, सगळं सिस्टरनं त्यात घालायचं. ते तारेतून थंड खोलीत जाणार, आणि लॅबात ठेवलेल्या यंत्रातून दिवसातून दोनदा, अकराला आणि चारला, लांबलचक यादी छापून निघणार. यादीत जो क्रम, त्या क्रमानं काम. चिठ्ठी हरवणार नाही, अक्षर लागत नाही असं होणार नाही. आणि ते खरंही होतं. दोन महिन्यांत एक तपासणी हरवली नाही. आधी हरवायच्या, रामाजीच्या हातून नव्हे, पण हरवायच्या.

तातडीसाठी एक वेगळं बटन होतं. ते दाबलं की नाव लॅबात तेव्हाच छापून निघे. पहिल्या पंधरा दिवसांत सिस्टर लोकांनी जो तो रोगी तातडीचा करून टाकला. लॅबातलं यंत्र दिवसभर किरकिरत राहिलं. मग ऑफिसातून हुकूम निघाला: तातडीचं बटन सिस्टरनं दाबायचं नाही, डॉक्टरनं स्वतः पडद्यासमोर बसून आपला गुप्त आकडा घालावा, तरच ते चालेल. डॉक्टरांनी हुकुमावर सह्या केल्या. पण पडद्यासमोर बसणार कोण? एका राऊंडला साठ खाटा. आणि त्यांना ती सवयही नव्हती. बारा-तेरा वर्षांत त्यांनी तातडी कधी कागदावर उतरवलीच नव्हती.

बायकांच्या वॉर्डातल्या शोभाबाई सिस्टर. पंचवीस वर्षांची नोकरी, आवाज खणखणीत, वॉर्डात शिरल्या की खाटा सरळ होत. त्या आता टेबलाशी पाठ करून बसू लागल्या, चष्मा नाकाच्या टोकावर, एका बोटानं बटनं शोधत. एकदा पडद्याकडं बोट दाखवून रामाजीला म्हणाल्या, "रामाजी, आधी मी रोग्याले पाह्यत होती. आता हा मले पाह्यते."

रामाजीला चिठ्ठ्या उरल्या नाहीत. त्याला बायकांच्या वॉर्डाच्या दारावर बसवलं, भेटायला येणाऱ्यांचे पास बघायला. स्टूल दिलं. अठ्ठावीस वर्षं उभा असलेला माणूस स्टुलावर बसला आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या गुडघ्यांना सूज आली.

एक दिवस त्याला राहवलं नाही. वॉर्डातली एक म्हातारी धाप टाकत होती. तो सरळ लॅबात गेला, बबनरावसमोर पसरलेल्या यादीत बोटानं तिचं नाव शोधलं आणि त्या पानाचाच कोपरा दुमडला. बबनरावनं तिचं रक्त आधी तपासलं. पण क्रम मोडल्यानं यादीचे पुढचे आकडे सरकले, एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर गेला आणि दोन तास गोंधळ झाला. रामाजीला मेमो मिळाला. लॅबात पाय ठेवायचा नाही, छापील कागदाला हात लावायचा नाही; पुन्हा असं झालं तर कामावरून कमी. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. त्यानं मेमोची घडी केली आणि पासाच्या पेटीत तळाशी ठेवली.

अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत त्याच्या गावची भागीरथा लेकीला घेऊन आली. लेक अन्नपूर्णा, बावीस वर्षांची, पहिलटकरीण. बाळंतपण दवाखान्यातच झालं, मुलगी झाली. भागीरथा रामाजीच्याच मोहल्ल्यातली, त्याला भाऊ म्हणायची. पहिल्या दिवशीच दाराशी येऊन म्हणाली, "जयभीम भाऊ. तुमी हाय म्हनून इथं आनली. नाईतर हिचा सासरा हिंगणघाटले म्हनत होता."

"मी काय करतो व बाई? मी पास पाह्यतो."

"असू द्या. आपला मानूस दारात हाय, थे बेस हाय."

चौथ्या दिवशी सकाळी रामाजीनं दारातूनच अन्नपूर्णेकडं पाहिलं. सात नंबरची खाट दारापासून दिसायची. पोरगी बाळाला पाजत होती, पण मान भिंतीला टेकलेली. आई काही विचारत होती आणि ती उत्तर देत नव्हती. रामाजी स्टुलावरून उठला. मग पुन्हा बसला.

साडेअकराला ढगे डॉक्टर राऊंडला आले. ढगे डॉक्टर या भागातलेच, शेतकऱ्याच्या घरचे, रामाजीशी गावच्या बोलीत बोलायचे. सात नंबरपाशी ते थांबले. पापणी खाली ओढून पाहिली, चादर उचलून पाहिली. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबलेला नव्हता, थोडा थोडा चालूच होता. त्यांनी शोभाबाईंना तपासण्या सांगितल्या: रक्त किती आहे, कोणत्या गटाचं आहे, आणि एक बाटली जुळवून ठेवायची. शोभाबाईंनी कागदावर टिपून घेतलं. तेवढ्यात ऑपरेशन थिएटरातून बोलावणं आलं. ढगे डॉक्टर झपाझप निघाले आणि दाराशी रामाजीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "रामाजी, सात नंबर. पाह्यजा."

रामाजीची मान हलली.

डॉक्टर जिना चढून गेले आणि मग रामाजीला आपण काय केलं ते कळलं. हातात चिठ्ठी नव्हती. कान मोडायचा कशाचा? तो आत गेला. शोभाबाई पडद्यासमोर बसल्या होत्या.

"सिस्टर, सात नंबरचं गेलं का जी?"

"गेलं. हे काय, आत्ताच घातलं."

"मंग बेस."

गेलं होतंच. शोभाबाई खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांना वाटलं, तातडीचं असेल तर डॉक्टर वर जाऊन आपला आकडा घालतील. थिएटरातही पडदा आहे. डॉक्टरांना वाटलं, रामाजीला सांगितलं. रामाजीला वाटलं, मशीनमधून गेलं म्हणजे बबनरावच्या हातात पोचलं. अकराची यादी मात्र अर्ध्या तासापूर्वीच छापून निघाली होती. त्यानंतर घातलेलं सगळं चारच्या यादीत निघणार होतं.

बारा ते दोन भेटण्याची वेळ. दारात झुंबड उडाली. डबेवाले, पोरंसोरं, एका बाईनं पदराखाली कोंबडीचा रस्सा आणला होता, तिच्याशी वाद. रामाजी पास बघत राहिला. मधूनच त्याची नजर सात नंबरकडं जाई. भागीरथा भिंतीला टेकून शांत बसली होती, मांडीवर बाळ. ती शांत आहे म्हणून त्यालाही जरा बरं वाटलं.

दोन वाजता गर्दी ओसरली. तो खाटेपाशी गेला. अन्नपूर्णेचे ओठ धुतलेल्या धोतरासारखे झाले होते.

"रक्त नेलं काय व इचं?" त्यानं विचारलं.

"नाई भाऊ. कोनी आलं नाई. येतीन ना?"

रामाजी धावला. गुडघे सुजलेले, तरी धावला. लॅबाच्या उंबऱ्याशी थांबला. मेमोतली ओळ त्याला आठवली असेल किंवा नसेल. पाय मात्र थांबले. तिथूनच हाक मारली. बबनराव बाहेर आला.

"सात नंबर. अन्नपूर्णा. काऊन नाई आले?"

बबनरावनं यादी आणली, वरपासून खालपर्यंत पाहिली. "नाव नाई."

"सिस्टरनं घातलं जी! माह्यासमोर."

"मंग चारच्या यादीत येईन. तातडीचं असतं तं छापून आलं असतं."

"बबनराव, कान मोडला समजा."

"कायचा कान मोडू रामाजी? कागदच नाई माह्याजवळ." बबनरावलाही मागच्या गोंधळाबद्दल बोलणी बसली होती. मग त्यानं यादी टेबलावर टाकली, सुई आणि बाटल्यांची पेटी उचलली. "चाला. गेली नोकरी तं दोघाची जाईन."

रक्त काढायला वेळ लागला, शीर सापडेना. गट कळला, बाटली जुळवायला घेतली. रक्ताच्या साठ्यावरच्या माणसानं नंबर मागितला. यादीतला नंबर असल्याशिवाय बाटली बाहेर काढायची नाही, असा त्यालाही हुकूम होता. बबनरावनं त्याच्या मायबापाचा उद्धार केला. कोणीतरी थिएटरात धावलं. ढगे डॉक्टर हातमोजे घातलेल्या हातांनी दारात आले, तिथूनच ओरडले. बाटली निघाली. बाटली वॉर्डात आली तेव्हा चारला दहा कमी होते. ती टांगली, थेंब सुरू झाले. थेंब चालू असतानाच अन्नपूर्णा गेली.

चारला लॅबातलं यंत्र किरकिरलं. यादी निघाली. वरून तिसरं नाव तिचं होतं.

महिन्याभरानं चौकशी बसली. तीन माणसं, मधे टेबलावर छापील कागदांची चळत. मशीननं सगळं जपून ठेवलं होतं: किती वाजून किती मिनिटांनी घातलं, कोणी घातलं, तातडीचा आकडा नाही. शोभाबाईंना विचारलं, तातडी आहे असं तुम्हाला दिसलं नाही का? त्या म्हणाल्या, "दिसलं असतं साहेब. पाठ होती माझी." ढगे डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "मी सांगितलं होतं."

"कोणाला?"

ढगे डॉक्टर म्हणाले, "वॉर्डात." त्यांनी रामाजीचं नाव घेतलं नाही. त्यांना वाटलं, नाव घेतलं तर म्हाताऱ्याची नोकरी जाईल. ते चांगुलपणानंच गप्प राहिले, आणि दोष सगळा शोभाबाईंच्या पदरात पडला.

रामाजीला कोणी बोलावलं नव्हतं. तो आपणच गेला, दाराशी चपला काढून.

"साहेब, सिस्टरचा दोष नाई. डॉक्टर साहेबानं मले सांगतलं होतं. मी मान हालवली."

मधला माणूस कागद चाळू लागला. "तुमचं नाव कुठंच नाही यात."

"नाई जी. पन मान हालवली."

"तुमची ड्यूटी पासवर होती. तपासणीशी तुमचा संबंध नाही."

"होता जी. अठ्ठावीस साल होता."

मधल्या माणसानं शेजारच्या लिहिणाऱ्याला हातानं खूण केली, हे घेऊ नका. रामाजी चपला घालून स्टुलावर येऊन बसला. शोभाबाईंची बदली दूरच्या एका उपकेंद्रावर झाली. जाताना त्यांनी रामाजीच्या पासाच्या पेटीवर हात ठेवला.

पुढल्या उन्हाळ्यात, निवृत्तीला दोन महिने असताना, रामाजी गावी गेला. एसटीनं जाम गावच्या फाट्यावर उतरला, पुढं दुसऱ्या गाडीनं. वर्षभर त्यानं ही खेप टाळली होती. भागीरथेनं त्याला पाहून खाट टाकली, पाणी दिलं. नात आता वर्षाची झाली होती, अंगणात मातीत खेळत होती. जावई वर्षाच्या आत दुसरं लग्न करून बसला होता, पोर आजीकडंच.

रामाजीनं पाणी पिऊन लोटा खाली ठेवला. बोलायचं ते वाटेत दहा वेळा घोकलं होतं.

"भागीरथा, त्या दिवशी डॉक्टरनं मले सांगतलं होतं. मी मान हालवली. आन काई केलं नाई."

भागीरथा चुलीत काटक्या सारत होती. तिनं वळून पाहिलं नाही.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "मी पाह्यलं होतं."

तिनं आणखी एक काटकी मोडली.

"डॉक्टर चालला तवा मी उठली होती. मांगं पळतच जात होती त्याच्या, पाय धरतो म्हनलं, मायी पोरगी पाहा म्हनतो. तं तुमची मान हालली. मंग मी बसली." तिनं फुंकणी उचलली, फुंकली नाही, तशीच हातात धरली. "दोन वाजेपर्यंत बसून राह्यली. आपला मानूस गेला, आता होईन म्हनलं. नाईतर मी अख्खा दवाखाना डोक्यावर घेतला असता, भाऊ. मले येते तसं."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर रामाजीला उठून जाता आलं असतं.

चूल धुपली. भागीरथेनं फुंकर घातली, डोळे पुसले, उठून अंगणातल्या पोरीला उचललं, हाताची माती पदरानं झाडली आणि तिला रामाजीच्या मांडीवर ठेवलं. पोर त्याच्या शर्टाच्या खिशातलं पेन ओढू लागली.

"सरपन सरलं. मी घरामांगून दोन काड्या घेऊन येतो," भागीरथा म्हणाली. "पाह्यजा जरा इले."

रामाजीची मान हलली.